डोक्याचं माप

असोदा म्हटलं की लोक लगेच म्हणतात, बहिणाबाईंचं गाव. बरोबर आहे. बहिणाबाई चौधरी असोद्याच्याच, 1880 सालचा जन्म. त्यांच्या नावानं आमच्याकडं आईवर भाषणं होतात, शाल-नारळ होतात. पण आमच्या वस्तीत एक आई आहे, तिच्यावर आजवर कुणी भाषण केलं नाही. म्हणून मी करतोय. मी बंदरात माल चढवणारा-उतरवणारा माणूस. दहावी पास, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. कविता लिहितो. डॉक्टर नाही. ज्याला वाटतं की हमालानं मेंदूच्या आजारावर तोंड उघडू नये, त्यानं खुशाल पान उलटावं आणि पुढची कविता वाचावी.

ती माझ्या मोठ्या चुलत्याची पोरगी. मी तिला ताई म्हणतो. 2013 साली तिला तिसरा महिना होता. कपाशीत निंदणीला जात होती. दोन दिवस बारीक ताप आला, तोंडापासून खाली अंगभर बारीक लालसर पुरळ आलं, कानामागं गाठी आल्या. सासू म्हणाली, माय आली. उशाखाली निंबाचा पाला ठेवला. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं, चौथ्या दिवशी ताई परत निंदणीला. रोज बुडाला तर कोण देणार? कुणाला वाटलंसुद्धा नाही की ह्या तीन दिवसांत पोटातल्या पोरीचा सगळा जन्म ठरून गेला.

पोरगी झाली. डोकं लहान. डोळ्यांच्या बाहुल्या पांढरट, मोती पडल्यासारख्या. दूध ओढताना धाप लागायची, ओठ निळे पडायचे. थाळी वाजवली तरी वळून बघायची नाही. मी तेव्हा आठवीत होतो. मला आठवतं, बाया यायच्या, पदर तोंडाला लावून बघायच्या आणि जायच्या. बाहेर ओट्यावर कुजबुज: ग्रहण पाळलं नाही गं तिनं. ग्रहणात इळ्यानं भाजी चिरली. मागल्या जन्माचं काहीतरी.

ऐका नीट. ही कुजबुज गावाच्या वरच्या आळीत नव्हती. ही आमच्या वस्तीत होती, जिथं घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. 1956 साली नागपुरात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या नाती-पणती एका बाळंतिणीला मागच्या जन्माचा हिशोब विचारत होत्या. देव गेले, ग्रहण राहिलं. कर्मविपाक दारातून हाकलला आणि तो मागच्या खिडकीतून येऊन पाळण्याशी बसला. बापानं तर सरळ सांगितलं, तुझ्यातच खोट आहे. दोन वर्षांनी तो सुरतेला गेला तो गेलाच.

पुढं सात-आठ वर्षांनी एका शिबिरात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं ताईला खाली बसवलं आणि सगळं विचारलं. ताप कधी, पुरळ कुठून सुरू झालं, गाठी कुठं. मग म्हणाली, ताई, हे बहुतेक रुबेला. आता रक्त तपासून सिद्ध होणार नाही, वेळ गेली. पण डोळ्यात मोती, कानानं ऐकू न येणं, हृदयातली नळी उघडी राहणं आणि डोकं लहान, हे चारी एकत्र आले म्हणजे दुसरं फारसं काही नसतं. तुमची चूक नाही ह्यात. एका विषाणूची आहे.

ताई त्या दिवशी घरी येऊन रडली. आठ वर्षं ती स्वतःला पापी समजत होती. एक वाक्य तिला कुणी दिलं नव्हतं. एक वाक्य! त्याला ना मशीन लागतं ना औषध.

आता तुम्ही म्हणाल, रुबेला म्हणजे काय नवीन रोग? नवीन काय घंटा. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पाहिलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेली पोरं अचानक वाढलीत आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात हा बारीक गोवर येऊन गेलेला आहे. तेव्हापासून जगाला माहीत आहे. आईला पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर पोटातल्या जीवाला तो लागण्याचा संभव शंभरात नव्वदपर्यंत जातो. 1962 ते 65 ह्या काळात जगभर साथ आली, एकट्या अमेरिकेत अशी वीस हजार पोरं जन्मली. गोऱ्यांची पोरं जन्मली म्हटल्यावर धावपळ झाली. 1969 साली लस बाजारात आली.

1969. हा आकडा ध्यानात ठेवा.

आपल्या देशाच्या सरकारी लसीकरणात ही लस कधी आली? 2017 साली. तीही टप्प्याटप्प्यानं, आधी कर्नाटक, तामिळनाडू, गोवा असं करत. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली 27 नोव्हेंबर 2018 ला. म्हणजे लस निघाल्यापासून आमच्या शाळेच्या पडवीत पोचायला एकोणपन्नास वर्षं. बोट कितीही सावकाश चालली तरी जगाला इतका वळसा घालत नाही. ताईला ताप आला तो 2013 साली. तेव्हा लस चव्वेचाळीस वर्षांची होती. लस ताईपेक्षा वयानं मोठी होती!

आणि ही लस परदेशात बनत होती, महाग होती, आपल्याला परवडत नव्हती असं कुणी सांगायला आलं तर त्याला पुण्याची वाट दाखवा. सीरम इन्स्टिट्यूट 1966 पासून पुण्यात आहे. इथली गोवर-रुबेलाची लस देशोदेशी गेली. दुसऱ्या देशांच्या गरीब पोरांच्या दंडात गेली, चांगलं झालं, त्यांचं भलं होवो. पण पुण्यापासून जळगाव किती लांब आहे? एका रात्रीची एसटी.

बरं, लस इथंही मिळत होती. कुणाला? ज्याच्या बापाच्या खिशात खाजगी डॉक्टरची फी होती त्याला. गालगुंड, गोवर, रुबेला अशी तिन्हींची एकत्र लस शहरातल्या पांढरपेशांची पोरं कित्येक वर्षं टोचून घेत होती. इथं मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती माझ्या टाळक्यात शिरायला मला स्वतःला चार रात्री लागल्या. सरकारी तज्ज्ञ काय म्हणायचे? म्हणायचे, थोड्याच पोरांना लस दिली तर धोका वाढतो. का? कारण रुबेला साधारण लहानपणी होतो, तेव्हा तो किरकोळ असतो, होऊन गेला की सुटलो. अर्ध्यामुर्ध्या पोरांना टोचलं तर विषाणूचं फिरणं मंदावतं, संपत नाही. मग ज्या पोरी लसीविना राहिल्या त्यांना तो लहानपणी भेटत नाही, तो त्यांना गाठतो विशी-पंचविशीत. म्हणजे नेमका गरोदरपणात. हे खरं आहे. ग्रीसमध्ये असंच झालं, अर्धवट लसीकरणानंतर 1993 साली तिथं अशी पोरं जन्मली.

पटलं. शास्त्र आहे, वाद नाही. पण मग साहेब, एक सांगा. अर्धवट लसीकरण घातक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर खाजगी दवाखान्यात पैसेवाल्यांच्या पोरांना टोचणं चालू होतं ते काय होतं? तेच अर्धवट लसीकरण! तुमच्याच गणितानं धोका ढकलला जाणार होता लस न मिळालेल्या पोरींच्या पदरात. वरच्या मजल्यावर सुरक्षा, खालच्या मजल्यावर तिचा कचरा. तुमचं शास्त्र खोटं नव्हतं. तुम्ही ते अर्धंच वाचलं. त्यातून निघणारा निष्कर्ष ‘सगळ्यांना टोचा’ असा होता, तुम्ही काढला ‘थांबा’. आणि थांबायचं कुणी, हे ह्या देशात न सांगता सगळ्यांना कळतं. पाणवठ्यावर थांबायची सवय आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

ह्या थांबण्याचा हिशोब काय? सरकारचाच वर्षानुवर्षं सांगितलेला अंदाज होता, देशात दरसाल चाळीस हजारांच्या आसपास पोरं रुबेलाचा घाव घेऊन जन्मायची. अंदाजच. कारण मोजलं कुणी? आयसीएमआरनं अशा पोरांवर पाळत ठेवायला सुरुवात केली ती 2016 च्या सुमारास, तीही मोजक्या हॉस्पिटलांत. त्याआधी हे पोर आकड्यातही नव्हतं. आपला जन्मही अंदाजे आणि मरणही अंदाजे. गोवर-रुबेला संपवण्याचं साल आधी 2023 ठरलं होतं. ते हुकलं, मग 2026 वर गेलं.

आता झिकाकडं येतो, कारण पेपरवाल्यांना झिका आवडतो. नाव परदेशी आहे, डासाचा फोटो छापता येतो.

झिका 1947 साली युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडात सापडला. आपल्याकडं पुण्याची विषाणू संस्था 1952 ची. तिथल्या लोकांनी 1954 साली छापलं की हिंदुस्थानातल्या 196 माणसांच्या रक्तात तपासलं तर 33 जणांत झिकाला अडवणारी द्रव्यं सापडली. त्या काळची तपासणी कच्ची, दुसऱ्या भावकीतल्या विषाणूमुळंही तसं दिसू शकतं. तरी कागद आहे. हा पाहुणा कालचा नाही.

2015 साली ब्राझीलच्या ईशान्य भागात, पर्नाम्बुको राज्यात, रेसिफे शहरात डॉक्टरांना दिसलं की लहान डोक्याची पोरं एकामागोमाग जन्मतायत. वनेसा व्हान डेर लिंडेन आणि तिची आई अॅना, दोघी पोरांच्या मेंदूच्या डॉक्टर. दोघींनी आपापल्या दवाखान्यातल्या केसेस एकमेकींना सांगितल्या आणि ताळा जमला. आरडाओरडा झाला. नोव्हेंबर 2015 मध्ये ब्राझीलनं आणीबाणी जाहीर केली, 1 फेब्रुवारी 2016 ला जागतिक आरोग्य संघटनेनं जगासाठी केली. आणि 18 नोव्हेंबर 2016 ला उठवली. नऊ महिने! एका बाळंतपणाएवढी आणीबाणी. जगाची आणीबाणी संपली, आयांची सुरू झाली.

ती पोरं कुणाची? समुद्रकाठच्या बंगल्यांतली नव्हे. बहुतेक काळ्या-सावळ्या, गरीब बायांची. जिथं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंपात, टाकीत साठवावं लागतं, आणि झिकाचा डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडं नळ चार दिवसांनी सोडायचा, बाईनं ड्रम भरून ठेवला की अळ्या सापडल्या म्हणून तिलाच दटवायचं. डास सरकारच्या कोरड्या पाइपात जन्मतो, दंड बाईच्या ओल्या पिंपावर लागतो.

त्या पोरांचं पुढं काय झालं, हे लिहायलाच मी बसलो होतो. लहान डोकं हा फक्त दरवाजा आहे. आत काय काय आहे ते बघा. मेंदूत जागोजागी चुन्यासारखे डाग. अंग ताठ, हात-पाय वाकडे आखडलेले. बहुतेकांना फिट्स. गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. कितीकांना पोटात नळी घालून भरवावं लागतं. खुब्याचा सांधा निखळतो, पाठीचा कणा वाकतो, वय वाढतं तशी एकेक शस्त्रक्रिया. दिसायला अडचण, काहींना ऐकायलाही. रात्ररात्र झोप नाही, पोराला आणि म्हणून आईला. काही पोरं तर जन्मली तेव्हा डोकं बरोबर मापात होतं, आणि नंतर महिन्यामहिन्यानं मागं पडत गेलं. जी वरून अगदी धडधाकट जन्मली त्यांतलीही काही बोलायला-शिकायला मागं राहिली. ब्राझीलमध्ये 3,308 अशा पोरांचा हिशोब मांडला, तो 2022 साली छापला: तीन वर्षांच्या आत मरण्याचा धोका बाकीच्या पोरांच्या अकरा पट. जी जगली ती आता दहा वर्षांची झालीत. आईच्या कडेवर दहा वर्षांचं पोर. मी रोज पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या उचलतो, पण माझी पाळी आठ तासांनी संपते. गोणी टाकली की मोकळा. त्या बाईची पाळी कधी संपणार?

त्या बायांनी रडगाणं गायलं नाही, हे आपल्या पोरांनी शिकावं म्हणून लिहितोय. कितीकींचे नवरे पळाले. बाया एकत्र आल्या, रेसिफेत संघटना केली, पोरं कडेवर घेऊन राजधानीत गेल्या. 2020 साली कायदा झाला, 2015 ते 2019 मध्ये जन्मलेल्या ह्या पोरांना किमान वेतनाएवढी पेन्शन, मरेपर्यंत. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मोठ्या भरपाईचा कायदा संसदेनं केला, जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षानं तो नाकारला, हा राष्ट्राध्यक्ष कोण तर कामगारांचा पुढारी म्हणवणारा लुला. जून 2025 मध्ये संसदेनं त्याचा नकार उलटवला. पन्नास हजार रेआल एकरकमी आणि सरकारी पेन्शनीची जी सगळ्यात वरची मर्यादा तेवढी महिन्याला. मागणीचा मुद्दा काय होता? हा डास सरकारनं आटोक्यात ठेवला नाही, म्हणून ही दया नाही, ही भरपाई आहे. दया आणि भरपाई ह्यातला फरक ज्याला कळला त्याला चळवळ कळली.

आणि इथं? 2017 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं छापलं तेव्हा लोकांना कळलं की अहमदाबादच्या बापूनगरात, कामगारांच्या वस्तीच्या भागात, झिकाच्या तीन केसेस निघाल्यात. त्यांतली एक नुकती बाळंत झालेली, एक दिवस भरत आलेली. पहिला नमुना 2016 च्या फेब्रुवारीतला होता. लोकांना सांगायला सव्वा वर्ष. 2018 साली राजस्थानात दीडशेच्या वर केसेस, मध्य प्रदेशात शंभराच्या वर. 2021 साली केरळ, कानपूर, आणि महाराष्ट्रातली पहिली केस पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. 2024 च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्याला एका डॉक्टरच्या घरात निघाला, तिथून मोजायला लागले तर वर्षभरात राज्यात शंभराच्या वर. त्यात गरोदर बाया पुष्कळ. डॉक्टरच्या घरात निघाला म्हणून निघाला. आमच्या वस्तीत आला असता तर त्याचं नाव ‘व्हायरल आहे, गोळी घे’ असं असतं.

3 जुलै 2024 ला दिल्लीच्या आरोग्य खात्यानं राज्यांना पत्रक काढलं, गरोदर बायांवर लक्ष ठेवा, पोटातल्या गर्भाची वाढ बघा. ठीक. त्याच पत्रकात लिहिलं की 2016 पासून देशात झिकामुळं लहान डोक्याचं पोर झाल्याची एकही नोंद नाही. असू शकतं. आपल्याकडचा विषाणू वेगळ्या कुळातला, मवाळ असू शकतो, तसं असलं तर मला आनंदच आहे. पण डोक्याच्या मापावर पाळत ठेवायला सरकारनं सांगितलेली ठिकाणं किती, तर देशभरात पंचावन्न. एवढ्या मोठ्या देशाला पंचावन्न टेप! नोंद नाही म्हणजे पोर नाही, हे गणित आम्हाला जुनं आहे. गावाच्या नकाशावर आमची वस्तीही कितीक वर्षं नव्हती.

टेपावरून आठवलं. पूर्ण दिवसांचं पोर जन्मलं तर मुलाचं डोकं 31.9 आणि मुलीचं 31.5 सेंटिमीटरच्या खाली असलं की ते लहान धरायचं, असं जागतिक माप आहे. त्याला लागतो शिंप्याकडं असतो तसा एक टेप आणि अर्धं मिनिट. ताईच्या पोरीचं माप जन्माच्या कागदावर नाही. वजन आहे. जात आहे. डोकं नाही.

आता जगण्याचं. आमची ही पोरगी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते पाच वर्षांची झाल्यावर, डोळ्यानं बघायचं शिकायचं वय गेल्यावर. अंधुक दिसतं. कानाचं काही झालं नाही. फिट्स आहेत, गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणाव्या लागतात, संपल्या की दोन दिवसांत कळतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ताईनं तिला खांद्यावर टाकून किती फेऱ्या मारल्या ते मी मोजायचं सोडलं. डोळ्याचा साहेब एका वारी, कानाचा दुसऱ्या, मेंदूचा महिन्यातून एकदा. प्रत्येकानं आपापला तुकडा मोजायचा. पोरीला तुकड्यातुकड्यांत वाटून टक्के काढले. एका टेबलावर एक साहेब म्हणाला, बाई, हिला दिसतं थोडं, मग कशाला आलीस? ताई म्हणाली, साहेब, थोडं दिसतं म्हणून तर ती तुमच्याकडं बघून हसली.

2016 साली अपंगांच्या हक्काचा कायदा झाला. एकवीस प्रकार मोजले. चांगला कायदा आहे, वाचा. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार मिळायचे, 2025 साली अपंगांसाठी अडीच हजार केले. अडीच हजारात फिट्सच्या गोळ्या, लंगोट, तालुक्याला जायचं भाडं आणि आईचा बुडालेला रोज बसवून दाखवा. मी माझी कविता फाडून टाकतो. शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या पोरांची तपासणी करायची मोठी योजना 2013 सालीच पालघरला सुरू झाली, आपल्याच राज्यात. जन्मताच दोष शोधायचा, जिल्ह्याला न्यायचं, लवकर उपचार द्यायचे. कागद सोन्यासारखा. पण अशा पोराला वर्षातून एकदा तपासून भागत नाही. त्याला आठवड्याला हात-पाय हलवून घेणारा माणूस लागतो, गिळायला शिकवणारा लागतो, आणि तो बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर लागतो.

वर आणखी नाव काय दिलं, तर दिव्यांग. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवर हा शब्द दिला. अरे, दिव्य काय त्यात? आम्हाला पण एकानं असंच देवाचं नाव दिलं होतं, हरिजन. देवाचं नाव दिलं की माणसाचा हक्क द्यावा लागत नाही, ही ह्या देशाची जुनी तोड आहे. बाबासाहेबांनी ते नाव तोंडावर परत फेकलं होतं. ताईच्या पोरीला बोलता येत नाही, तिच्या वतीनं मी हे फेकतो.

ग्रेगच्या ऑस्ट्रेलियात काय केलं? त्या काळात जन्मलेली जी पोरं होती, त्यांना डॉक्टर विसरले नाहीत. पंचवीस वर्षांनी बोलावलं, पन्नास वर्षांनी, साठ वर्षांनी. तेव्हा कळलं की रुबेला जन्मात थांबत नाही. अशा माणसांना पुढं मधुमेह जास्त होतो, थायरॉइड बिघडतो, हाडं ठिसूळ होतात, बायांची पाळी लवकर जाते. म्हणजे ताईच्या पोरीची साखर आता दरसाल तपासायला हवी. हे कुणी सांगितलं तिला? कुणी नाही. मी सांगितलं, एका हमालानं. तिकडं साठ वर्षं पाठपुरावा, आणि इकडं शिबिर संपलं की मंडपवाला खुर्च्या उचलतो.

आता आपल्या लोकांचं. दोस्तहो, राग येणार आहे, येऊ द्या.

जयंतीला आमच्या वस्तीत डीजे येतो. भिंती हादरतात. पोरीला ऐकू येत नाही, पण जमिनीतून छातीत येणारा दणका आणि ते लुकलुकणारे दिवे तिला सहन होत नाहीत. गेल्या खेपेला मिरवणूक दारापुढं थांबली आणि तिला फिट आली. ताई दार लावून पोरीला कुशीवर धरून बसली होती, आणि बाहेर तिच्याच भावकीची पोरं बाबासाहेबांच्या नावानं नाचत होती. त्यात मीही होतो. लपवत नाही. डीजेला वर्गणी किती जमली ते मंडळाला पाठ आहे. वस्तीत अशी पोरं किती आहेत ते एकालाही ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणे, हा आरोग्याचा विषय आहे, चळवळीचा नाही.

चळवळीचा नाही? 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्याचा बोजा मुख्यतः सरकारनं उचलला पाहिजे, असं उभं राहून कोण बोललं? बाबासाहेबच बोलले. त्यांना गर्भातलं पोर राजकारणात दिसत होतं. आपल्याला कडेवरचं दिसत नाही.

काही शहाणे आणखी एक सांगतात. सोनोग्राफी करा, दोष दिसला तर पाडून टाका, विषय संपला. त्यांना एवढंच विचारतो, डोकं लहान असल्याचं पुष्कळदा सहावा-सातवा महिना लागल्यावर दिसतं, हे ठाऊक आहे का? 2021 साली कायदा बदलून काही बायांना चोवीस आठवडे दिले, त्यापुढं मोठा दोष असेल तर डॉक्टरांचं मंडळ. निंदणीला जाणारी बाई त्या मंडळापर्यंत पोचेतो बाळंत झालेली असते. पाडायचं की ठेवायचं हे त्या बाईनं ठरवावं, तिला पूर्ण माहिती देऊन, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यामागं उभं राहून. पण जन्मलेल्या पोराकडं ‘राहून गेलेला कचरा’ म्हणून बघणारा कुणी माझ्यासमोर आला तर मी कवी आहे हे विसरून जाईन.

आणि ताईला देवमाणूस म्हणू नका, सोशिक माउली म्हणू नका. तिला घसा आहे, ती शिव्या देते. तिला झोप हवी आहे. दोन रात्रींची सलग झोप. मागच्या वर्षी मी चार दिवस गेलो होतो, तेव्हा म्हटलं, ताई, दोन रात्री मी बसतो हिच्यापाशी. ती आधी ऐकेना. मग झोपली ती सकाळी ऊन आल्यावर उठली आणि दचकून पहिलं पोरीच्या नाकापुढं हात धरला.

मागण्या लिहायच्या असतात म्हणून लिहितो. प्रत्येक बाळंतपणाच्या कागदावर डोक्याचं माप. पुरळ आणि ताप आलेल्या गरोदर बाईचं रक्त फुकट आणि वेळेवर तपासणं. पुण्यात 2024 साली ज्या गरोदर बायांना झिका निघाला, त्यांच्या पोरांची मापं आणि विकास शाळेत जाईतो तपासणं, नुसतं जन्मताना बघून फाइल बंद नाही. अशा पोरांना ब्राझीलसारखी आयुष्यभराची पेन्शन, भरपाई म्हणून. आणि 2017 च्या आधी जन्मलेल्या रुबेलाच्या पोरांना ती आधी, कारण त्यांची लस ह्या देशात बनत होती. हे निवेदन घेऊन कुठं जायचं ते ठरवू. पण निवेदनासोबत यादी लागेल, आणि ती यादी सरकार करणार नाही.

म्हणून मी गेल्या सुट्टीत वीस रुपयांचा टेप घेऊन असोद्याला गेलो. दोन दिवसांत आमच्या वस्तीत आणि शेजारच्या दोन आळ्यांत फिरलो. दारं लगेच उघडत नाहीत. असं पोर असलं की लोक आतल्या खोलीत ठेवतात. तरी चार घरं निघाली. एका घरात आजी म्हणाली, आमच्याकडं तसं कुणी नाही, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. वहीत वय लिहिलं, माप लिहिलं, आईला गरोदरपणी ताप-पुरळ आलं होतं का ते लिहिलं. तुमच्या वस्तीत हे कराल तर विचारून करा, बाईला पाप-पुण्य विचारू नका, पोरीला फोटोसाठी उभं करू नका.

सगळ्यात शेवटी ताईकडं गेलो. पोरगी ओट्यावर उन्हात पडली होती. टेप कपाळावरून मागं नेला तर तिनं तो हातात धरला आणि सोडेना. ताई चुलीपाशी होती. म्हणाली, काय मोजू राह्यला रे भाऊ? आता काय व्हनार मोजून, मोठी झाली ते.

म्हटलं, जन्माच्या कागदावर राहिलं होतं ना.

ती काही बोलली नाही. हात पुसत आली, पोरीची बोटं एकेक करून सोडवली, आणि टेपाचं दुसरं टोक स्वतः धरलं. सेहेचाळीस आणि अर्धा. तिनं दोनदा वाचायला लावलं, मग वहीत लिही म्हणाली.